तिसऱ्या घराचा अंगठा

भिंगार
रविवार, ता. ६ जानेवारी १९४६

ती. कृपाबाईंना कानिफनाथचा नमस्कार.

बाई, तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे, म्हणजे हे पत्र दुसरं कोणी तरी तुम्हाला वाचून दाखवत असणार. मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या ज्या कोणी असतील त्यांनाही नमस्कार. माझं अक्षर लागलं नाही तर त्यांना रागावू नका. नगरच्या शाळेत ते तुम्हीच चार वर्षं घोटून घेतलं होतं, पुढं मी ते लॉऱ्यांच्या टपावर बसून बिघडवलं.

तुमच्या आठवणींची वही नीट आहे. मेणकापडात बांधलीय, वर माझी घोंगडी. निघताना तुम्ही जे बजावलंत ते परत लिहितो, म्हणजे विसरलो नाही हे कळेल. दुष्काळात आईबाप गेल्यावर ज्या तीन घरांनी तुम्हाला सांभाळलं त्या तीनही घरी जायचं. त्या त्या घरावर तुम्ही जे लिहिलंय ते त्यांच्यासमोर अक्षरन् अक्षर वाचायचं. पटलं तर वहीच्या शेवटी सही नाही तर अंगठा घ्यायचा. घर 'नको' म्हणालं तर तेवढा भाग फाडून त्यांच्या हातात द्यायचा. आणि तिसऱ्या घराचा भाग फाटला तर पुस्तकच काढायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "वाचशील तेव्हा कळेल."

छापखान्याच्या मालकांना हे सांगितलं तर ते हसायला लागले. "आपल्या आठवणी छापायला लोकांची परवानगी? असं असतं तर जगात एक पुस्तक निघालं नसतं." मी त्यांना तुमचं वाक्य ऐकवलं: ज्यांच्या घरात मला तोंड उघडता येत नव्हतं, त्यांच्या माघारी मी आता तोंड उघडणार नाही. त्यांचं हसू थांबलं. मग म्हणाले, "कागद मोठ्या मुश्किलीनं मिळालाय. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वही आली नाही तर तो लग्नपत्रिकांना जाईल."

आता भिंगारचं. तुम्हाला ठेवून घेणाऱ्या शाळामास्तरांचे चिरंजीव मोझेसराव चर्चमधून नुकतेच आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळं ऐकलं. मास्तर तुम्हाला चिंचेखाली धुळीत अक्षरं काढायला लावायचे, आणि वारा आला की तुम्ही रडायचात, तिथं त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, झालं काम. तर म्हणतात,

"छान आहे. पण माझं नाव एकदाच आलंय."

मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा चार वर्षांचे होता."

"मग काय झालं? मी तिला पाढे म्हणून दाखवायचो."

आतून त्यांच्या बायकोचा, मालनबाईंचा, आवाज आला, "सातचा पाढा अजून येत नाही यांना. सही करा आणि त्या पोराला चहा घेऊ द्या."

सही झाली. इंग्रजीत केलीय, खाली दोन रेघा ओढून.

इथं यायला मला अर्धा दिवस उशीर झाला, ते खोटं सांगत नाही. लढाई संपल्यामुळं कँपात जुन्या लष्करी गाड्यांचा लिलाव चाललाय. मी नुसता बघत होतो. एका गाडीला पुढचं चाकच नव्हतं, तरी दोघं तिच्यावर भांडत होते.

वाचताना एक ओळ मात्र डोक्यात बसली. तुम्ही लिहिलंय, प्रत्येक घरी भाकरी थापायची रीत वेगळी, आणि नव्या घरात गेलं की पहिल्या आठवड्यात मी तीच शिकायचे, कारण जिची भाकरी घरासारखी होते तिला कोणी बाहेर काढत नाही. बाई, तेव्हा तुम्ही सात वर्षांच्या होता. मी सात वर्षांचा असताना मला फक्त बोरं चोरता येत होती.

उद्या शेवगावला निघतो.

कानिफ


शेवगाव
संक्रांत, ता. १४ जानेवारी १९४६

ती. बाईंना,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही. तुमच्या वाटचाही मीच खाल्ला.

तुमचं उत्तर पोस्टमास्तरांकडं थांबलं होतं. वाचून दाखवणाऱ्या नर्सबाईंचं नाव लिडिया, हे कळलं. लिडियाताई, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. पहिला डोळा चांगला झाला म्हणता, जीव भांड्यात पडला.

उद्या निघतो म्हणालो होतो, ते तीन दिवसांनी निघालो. कारण विचारू नका, लिलाव संपला नव्हता. पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशावर चालणारी मोटर. दोन ठिकाणी सगळ्यांनी उतरून ढकलली. एक आजोबा आतच बसून राहिले, म्हणाले, मी पैसे बसायचे दिलेत.

तुम्हाला सांभाळणाऱ्या मुक्ताबाई जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे रंगनाथ आहेत, आता साठीला आले. "कोन कृपाबाई?" म्हणाले. मग मी म्हटलं, खडीच्या कामावर तुमच्या आईला सापडलेली पोर. तेव्हा एकदम, "आरं, चांगुणा! जित्ती हाय व्हय?" आणि सगळ्या घराला हाक मारली. तुमचं पहिलं नाव चांगुणा होतं हे मला वहीतून कळलं होतं, पण कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

ओट्यावर बसून वाचलं. दुष्काळी कामावर खडीच्या ढिगाशी तुम्ही एकट्या बसलेल्या, आणि मुक्ताबाईंनी डोक्यावरची पाटी उतरवून तिच्यात तुम्हालाच बसवून घरी आणलं. बायका डोळे पुसत होत्या. रंगनाथ अडकले भलत्याच ठिकाणी.

"एकच बैल? एकच लिवलंय तिनं?"

"होय. 'त्यांच्या दारात एकच बैल होता.'"

"एक बैल तेल्याच्या घान्याला आसतोय. आमचे दोन हुते!"

"दुसरा दुष्काळात मेला असेल."

"मेला त्यो शिमग्याला. ही आली दिवाळीला. म्हंजी ही आली तवा दोन हुते का न्हवते? दोन लिही."

मी समासात लिहिलं: रंगनाथ म्हणतात दोन. त्यांनी ते बोट ठेवून बघितलं. वाचता येत नाही, पण बघितलं. मग शेवटचा भाग आला. घरात दाणा उरला नाही तेव्हा मुक्ताबाईंनी तुम्हाला मिशनच्या बैलगाडीत बसवलं, तो. रंगनाथांनी वहीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "आई मरेस्तवर म्हनायची, पोर गाडीत बसली आन माघारी वळून बी बघितलं न्हाई तिनं. लई मनाला लावून घेतलं हुतं."

मी पुढची ओळ वाचली. "वळले असते तर उतरले असते."

ते उठून आत गेले. मी म्हटलं, गेली सही. तर हातावर पाणी घेऊन आले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "आन ती वही. नाव काढाया येतं मला."

बाई, तुम्ही अशी ओळ लिहिता आणि पुढच्या ओळीत लगेच गाडीचं चाक वाजत होतं म्हणून सांगता. मी असतो तर त्या ओळीवर तीन पानं रडलो असतो.

उद्या निंबेवाडी. तिसरं घर.

कानिफ


निंबेवाडी
रविवार, ता. २० जानेवारी १९४६

ती. बाईंना,

काम झालं. छबूबाईंचा अंगठा वहीवर आहे. दोन वेळा उमटवलाय, पहिला पुसट आला म्हणून.

काय म्हातारी आहे! पंचाहत्तरीची असेल, कंबर सरळ, दात एकच, आणि तोही बोलताना दाखवते. मिशननं तुम्हाला सांभाळायला तिच्याकडं ठेवलं तेव्हाच्या गोष्टी तिला कालच्यासारख्या आठवतात. तुम्ही कुठल्या दगडावर बसायचात, तो दगड दाखवला. "माजी चांगुणी, लई हट्टी. पान्याला धाडली का तासभर येत नसं. हिरीत तोंड बघत बसायची."

मी पोचलो तेव्हा दुपार होती. वहीचं नाव काढल्याबरोबर सुनेला, म्हणजे लंकाबाईला, म्हणाली, "सगळ्या आळीला बलाव. माज्या पोरीच्या पुस्तकात मी हाय." पंधरा मिनिटांत अंगण भरलं. तिचा मुलगा योहान शेरडं सोडायची ठेवून आला. प्रार्थनेला येत नाहीत ते लोकसुद्धा आले, असं लंकाबाई म्हणाली. म्हातारी मधोमध, नवं लुगडं नेसून. मला आधी जेवायला घातलं. हुरडा, लसणाची चटणी, वर शेरडाचं दूध. माझे पाय बघून लंकाबाईला म्हणाली, "ह्याला त्याल दे गं टाचांना, कसल्या भेगा पडल्यात." बाई, माझ्या टाचांकडं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

वाचन छान झालं. सगळ्यांना आवडलं. ज्वारी राखताना तुम्ही पाखरांना प्रभूची गाणी म्हणायचात, तिथं सगळे हसले. दळताना छबूबाईनं तुम्हाला मांडीवर बसवून जात्याचा खुंटा धरायला शिकवलं, ते मी दोनदा वाचलं, तिनंच परत वाचायला लावलं.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या वहीचा कागद फार पातळ आहे. दोन पानं एकदम उलटतात.

असो. इथल्या विहिरीवर एक पांगुळ, म्हणजे दान मागत फिरणारा गाणारा, आलाय, सकाळी झाडावर चढून गातो. त्याच्याबरोबर दोन गावं फिरून मग नगरला येईन म्हणतो. चार दिवसांत येतो. सहा धरा.

कानिफ


अहमदनगर
शनिवार, ता. २ फेब्रुवारी १९४६

ती. बाईंना,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. पांगुळाचा आवाज चांगला होता.

तुम्ही दोन्ही पत्रांत एकच विचारलंय: गोठ्याच्या पानावर छबूबाई काय म्हणाली? दुसऱ्या पत्रात लिडियाताईंनी त्याखाली रेघ मारलीय. ती तुम्ही मारायला लावली असेल.

तर, ती काही म्हणाली नाही. खरंच काही म्हणाली नाही. अंगठा दिला.

छापखान्याचे मालक रोज विचारतात. वही सोमवारी त्यांच्याकडं देतो. कागद गोदामात आलाय, मी बघून आलो, वास सुद्धा घेतला. पहिलं पान कसं करायचं ते विचारतात. नावाखाली वेलबुट्टी हवी का? मी म्हटलं, बाईंना वेलबुट्टी आवडत नाही.

इकडं गोरक्ष ड्रायव्हर भेटला. भिंगारच्या लिलावातली एक गाडी त्याच्या शेटनं घेतलीय. धुळ्यापर्यंत माल न्यायचाय, बरोबर माणूस हवा. म्हणतो, "चल की. वही वाहून काय मिळतंय तुला?" मी विचार करतोय. वही छापखान्यात पोचली की माझं काम संपलंच ना?

दुसऱ्या डोळ्याला जप. म्हणजे जपा.

कानिफ


शेवगाव, मोटारस्टँड
शनिवार, ता. ९ फेब्रुवारी १९४६

ती. बाईंना,

लिडियाताई, हे पत्र वॉर्डात मोठ्यानं वाचू नका. बाईंच्या कानाशी वाचा.

बाई, मी ते पान वाचलंच नाही.

कागद पातळ नाही. मी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. अंगणात पन्नास माणसं, मधे ती नवं लुगडं नेसून बसलेली, माझ्या टाचांना तिच्या घरचं तेल. वाचता वाचता माझी नजर पुढच्या पानावर गेली आणि मला ते दिसलं. मी ते आधी वाचलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात वाचशील तेव्हा कळेल, आणि मी आयत्या वेळेपर्यंत वाचलं नाही, हीही माझी चूक. मला वाटलं, पन्नास माणसांत म्हातारीचं तोंड कशाला उतरवा? तिला काय कळतंय, एक पान गेलं तर? आणि मग तिनं अंगठा दिला. हसत दिला.

ते पान मी आता इथं उतरून काढतो, म्हणजे मी ते आता तरी वाचलं हे तुम्हाला कळेल.

"मला गोवर आला. छबूबाईचा योहान तेव्हा अंगावर पीत होता. तिने मला शेरडांच्या गोठ्यात ठेवले व बाहेरून कडी घातली. दोन दिवस मी तेथे होते. भाकरी व पाणी दाराखालून येई. मला फार तहान लागे. दुसऱ्या दिवशी मी मधली भिंत दगडाने वाजवली, पुष्कळ वेळ वाजवली. पलीकडे चूल होती. छबूबाई झोपली असावी. नंतर ताप उतरला व तिने मला घरात घेतले. त्या दिवशी तिने माझे केस धुतले."

सोमवारी वही छापखान्यात दिली नाही. शुक्रवारी गोरक्षच्या गाडीत बसलो. वही घोंगडीत होती, म्हटलं वाटेत कुठून तरी पोस्टानं पाठवू. नेवाशापर्यंत गेलो. गोरक्ष गात होता, हवा छान होती, आणि मला एकदम एक आठवलं.

तुम्ही मला सांभाळलंत त्या चार वर्षांत मी तीनदा पळालो. एकदा तर तुमचं घड्याळ घेऊन. दर वेळी कोणी ना कोणी मला आणून सोडायचं आणि शेजारच्या बाया म्हणायच्या, अहो, कडी घालत जा दाराला, टिकायचं नाही हे पोर. तुम्ही एकदाही घातली नाहीत. रात्रीसुद्धा दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि मला वाटायचं, बाई विसरतात.

मी गोरक्षला म्हटलं, "थांबव."

तो म्हणाला, "काय राहिलं?"

"एक पान."

"मंग जा चालत. येडा कुटला." पण पुढं त्यानंच शेवगावकडं येणारी एक गाडी हात करून थांबवली.

आता इथून निंबेवाडी पाच कोस आहे. उद्या रविवार, ती घरीच असेल. मी तिला एकटीला गाठून वाचणार आहे. ती 'नको' म्हणाली तर पान फाडून तिच्या हातात द्यायचं, हे मला माहीत आहे. म्हणजे पुस्तक गेलं. तुमची सहा वर्षं त्यात गेलीत, डोळेही त्यातच गेले असं दवाखान्यातले म्हणतात, तेही माहीत आहे. तो पहिला अंगठा वहीवर आहे आणि कोणालाच काही कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. लपवत नाही.

तुमचं उत्तर यायच्या आत हे करतो. तुम्ही काय म्हणाल याची भीती वाटते.

कानिफ


निंबेवाडी
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९४६

ती. बाईंना,

लिडियाताई, मागच्या पत्रातलं राहू द्या. हे वॉर्डात मोठ्यानं वाचलं तरी चालेल. छबूबाई तिथं असती तर तिनं तसंच वाचायला लावलं असतं.

मी काल प्रार्थना सुटायच्या वेळेला पोचलो. ती सुपात ज्वारी घेऊन ओट्यावर बसली. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "आजी, त्या दिवशी एक पान राहिलं."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडत पाखडतच विचारलं, "ऱ्हायलं, का ठिवलंस?"

मी मेणकापडाची गाठ सोडायला लागलो.

लंकाबाई दारातून म्हणाली, "मला तवाच वाटलं. मदीच आवंढा गिळला यानं. म्या म्हनलं, हुरडा अडकला."

"ठेवलं," मी म्हटलं. "चांगलं नाही ते पान. तुम्हाला एकटीला वाचून दाखवतो."

"ग्वाड पान आळीनं ऐकलं," म्हातारी म्हणाली. "कडू बी आळीनंच ऐकावं. लंके, बलाव समद्यांना."

मी खूप सांगून बघितलं. आजी, नको. आजी, आधी तुम्ही ऐका, मग ठरवा. तिनं मला हातानं गप्प केलं. परत अंगण भरलं. या वेळी तिनं लुगडं बदललं नाही, पाखडायला घेतलेली ज्वारी तशीच पुढ्यात.

मी वाचलं. अक्षरन् अक्षर, तुम्ही सांगितलं होतं तसं.   योहान भिंतीला टेकून बसला होता. 'अंगावर पीत होता' हे आलं तेव्हा त्यानं खाली मान घातली, तो पन्नाशीला आलेला माणूस.

आधी लंकाबाईच पेटली. "हे काय लिवनं झालं? ज्या घरचं खाल्लं त्याचंच वाभाडं? फाड ते पान. आत्त्याबाई, सांगा त्याला फाडाया! लेकुरवाळी बाई, घरात गोवर आल्यावर काय करंल मंग?"

आणि आळीतले दोघंतिघं म्हणाले, व्हय, फाड.

मी पान धरून बसलो होतो. म्हातारी 'फाड' म्हणाली असती तर मी फाडलं असतं. हात तयार होता.

ती लंकाबाईला म्हणाली, "तू हुतीस का तवा?"

"मी कशी आसंन?"

"मंग गप." मग माझ्याकडं वळून, "किती दिस म्हनली ती?"

"दोन."

तिनं पदराखाली हात घेतला. ओठ हलत होते. बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "दोन न्हाई. शनवारी घातली, बुधवारी काडली. चार."

"आजी, बाईंना दोन आठवतात."

"तापात पोराला दिस कळत्यात व्हय? मला कळत हुते. चार लिही."

मी लिहिलं.  बाई, शेवगावला रंगनाथांनी बैल एकाचे दोन करून घेतले. इथं ही बाई दोनाचे चार करायला सांगत होती.

"आन त्ये शेवटाचं परत वाच. भिंतीचं."

मी वाचलं. "छबूबाई झोपली असावी."

"कुनी सांगितलं तिला?"

"कोणी नाही. तिला तसं वाटलं."

"वाटलं न्हाई तिला," म्हातारी म्हणाली. "तिला ठावं हाय. माज्यासाटी लिवलंय तिनं त्ये. दुपारची येळ हुती. मी चुलीम्होरं भाकऱ्या थापीत हुते. भाकऱ्या थापताना कोन झोपतं का?" तिनं अंगणातल्या बायांकडं बघितलं. "सांगा की गं. कुनी झोपतं?"

पुढं बसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला.

"जागी हुते. ऐकत हुते. समदं ऐकू येत हुतं. भाकरी बी करपली न्हाई माजी. तसं लिही."

योहान उठला आणि मागं गोठ्याकडं गेला. थोड्या वेळानं शेरडं ओरडायला लागली, पण तो लवकर परत आला नाही.

मी 'झोपली असावी' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: जागी होती, ऐकत होती. तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. एकदा नाही, दोनदा. मी म्हटलं, "आजी, हे छापलं की नगरात, पुण्यात, कुठं कुठं वाचतील. तुमचं नाव आहे यात."

"माजंच हाय न्हवं? दुसऱ्या कुनाचं घातलं का तिनं?"

मग अंगठा पुढं केला. पहिला अंगठा वहीच्या शेवटी होता. हा तिनं त्या पानावरच दिला, 'चार'च्या शेजारी, आणि शाई वाळेपर्यंत वही कोणाला मिटू दिली नाही.

नंतर मला जेवायला वाढलं. मी म्हटलं, भूक नाही. तर म्हणाली, "तू का उपाशी ऱ्हातोस? तू काय केलंस?" जेवताना तिनं तुमच्याबद्दल एकच विचारलं. डोळा उघडल्यावर पहिलं काय बघितलं तिनं? मला माहीत नव्हतं. कळवा, तिला सांगायचं आहे.

बाई, इतके दिवस मला वाटत होतं की अशी माणसं फक्त तुम्हीच. कोणी शिकवलं तुम्हाला असं वागायला, हा प्रश्न मी लहानपणापासून मनात घेऊन फिरतोय. मास्तरांनी शिकवलं असेल, मिशननं शिकवलं असेल, असं धरून चाललो होतो. आता तसं धरता येत नाही.

उद्या सकाळी मी नगरला निघतो. शुक्रवारी, ता. १५ ला, वही छापखान्यात. पण त्याआधी तुम्हाला एक ठरवावं लागेल, म्हणून तार करून कळवा. तुम्ही तिच्यासाठी जे मऊ करून लिहिलं होतं ते तिनं खोडायला लावलंय. तुमच्या हातचं अक्षर मी माझ्या पेन्सिलीनं खोडलंय, याबद्दल काय बोलायचं ते बोला. तुम्हाला तुमचे 'दोन' आणि तुमचं 'झोपली असावी' तसंच ठेवायचं असेल तर पुस्तक तुमचं आहे, तुमचा शब्द शेवटचा.

फक्त मग मला परत निंबेवाडीला पाठवू नका. त्या दोन दिवसांना ती अंगठा देणार नाही.

तुमचा
कानिफ